फुंकून भरलेला सांबार

"लेकरासमोर पिशवी तोंडाले नोको लावू वं. मायचं पाहून शिकते ते," शेजारच्या शकुनबाईंनी सांगितलं, तेव्हा सत्यवती हसली. "अहो, तिला अजून धड बसता येत नाही." सत्यवतीची सगळी धास्ती पिशव्या चिकटवायच्या मेणबत्तीची.

साकोलीत भैय्यालालनं किराण्यासोबत पिशवीबंद भाजी विकायला नुकतीच काढली होती. अड्याळच्या बाजारातून मेथी आणि कोथिंबीर, म्हणजे तिकडचा सांबार, पोत्यानं यायचा. निवडून जुड्या भरायचं काम तो घरी द्यायचा. बी.ए. झालेल्या सत्यवतीला ते सोयीचं वाटलं. लेक डोळ्यांसमोर राहते. चिकटलेली पिशवी फुंकून उघडायची, जुडी घालायची, पुन्हा फुंकून तोंड दुमडायचं, करवतीच्या पात्याला धरून मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवायचं, की ते वितळून चिकटायचं.

"हवा चांगली भरा, वहिनी," भैय्यालाल म्हणायचा. "फुगली की जुडी मोठी दिसते."

"म्हणजे गिऱ्हाईक माझी फुंकर विकत घेतं?"

"फुंकर फुकट. पैसे सांबाराचे."

चिमी रांगू लागली तशी सत्यवतीनं मेणबत्ती उंच स्टुलावर चढवली. लेकीच्या कमरेला लुगड्याची पट्टी बांधून दुसरं टोक खाटेच्या पायाला अडकवलं. आचेपर्यंत हात पोचतो का, हे तिनं स्वतः रांगून पाहिलं. रिकाम्या पिशव्या मात्र खाटेखालीच होत्या.

एका दुपारी मागची बडबड थांबली. झोपली असेल, म्हणून सत्यवतीनं हातातली जुडी पुरी केली आणि मग वळली. चिमी दोन्ही हातांनी पिशवी तोंडाशी धरून बसली होती, अगदी आईसारखी. फुंकायचं जमलं नव्हतं, तिनं आत ओढलं होतं. प्लास्टिक नाकातोंडाला चिकटलेलं, ओठ जांभळे.

सत्यवतीनं ते ओढून काढलं. पोरगी जराशानं रडली. रडणं ऐकून शकुनबाई आल्या आणि चिमीला अंगणात घेऊन गेल्या.

संध्याकाळी सत्यवतीनं पिशव्या परत केल्या, झालं ते सांगितलं. भैय्यालालनं पिशव्या मोजून घेतल्या. "बरं, मग रुखमाले देतो काम. तिले गरज आहे."

"तिच्याकडे लेकरू आहे ना?"

"आहे. आत्ता बसाले लागलं."

सत्यवती रुखमाकडे जाऊन सगळं सांगून आली. रुखमानं मान हलवली, पण बोलायला म्हणून पिशवी तोंडापासून काढली नाही. पुढच्या महिन्यात सत्यवतीच्या नवऱ्याला जवाहरनगरला क्वार्टर मिळालं आणि साकोली सुटली.

तेव्हापासून साकोलीला जाणारं कोणी भेटलं की ती सांगते, आणि तुम्हालाही तिचं तेवढंच सांगणं आहे: भैय्यालालच्या दुकानामागं रुखमाचं घर आहे. दार वाजवा, आत जा, आणि लेकरू काय करतंय ते पाहून या.