निखाऱ्यावरचा टोस्ट

एक अंडं, दोन स्लाइस आणि एक कप चहा. एवढंच करून दाखवायचं होतं. व्हर्न हॉजेट्स या ब्याऐंशी वर्षांच्या गृहस्थाने, स्वतःच्या घरात, स्वतःच्या ओट्यापाशी, कुणाचा हात न लागता. जमलं तर गुरुवारी इस्पितळातून सुट्टी आणि घरी. नाही जमलं तर खाली अल्व्हरस्टन गावात वृद्धाश्रमाची खोली, खिडकीतून समुद्र दिसणारी. ती खोली त्याच्या मुलीने, रेलीनने, आधीच सांगून ठेवली होती.

म्हणजे तिला बाप नकोसा झाला होता असं नाही हं. पण माणूस थकतं. व्हर्न कोंबड्यांना दाणे टाकायला गेला, ओल्या पायरीवरून घसरला आणि खुब्यात मोडला. खुबा बदलला. डॉक्टरांनी बजावलं की तीन महिने कमरेतून वाकायचं नाही, गुडघ्यावर बसायचं नाही, पायावर पाय टाकायचा नाही. तेव्हापासून रेलीन दिवसभर सुपरमार्केटात हॅम आणि चीज कापायच्या काउंटरवर उभी, संध्याकाळी इस्पितळात, आणि सुट्टीच्या दिवशी टेकडीवर चढून बापाच्या कोंबड्या, बापाचं गवत, बापाची लाकडं. ती स्वतः सत्तावन्नची. तिचेच गुडघे कुरकुरत होते. बाप घरी आला तर हे संपणार कधी? म्हणून मनातल्या मनात तिला वाटत होतं, की बाबाला ते अंडं जमू नये. नाही जमलं तर निर्णय इस्पितळाचा. आपल्या माथी काही नाही. असं वाटल्याची तिला लाज वाटत होती, पण वाटायचं ते वाटतच होतं.

परीक्षा घ्यायला इस्पितळातून टेगन आली होती. पोरगी तिशीच्या आतली, केस वर बांधलेले, हातात कागदांची पाटी आणि खिशात मोजपट्टी. म्हातारी माणसं घरात एकटी राहू शकतील का, हे बघणं हेच तिचं काम. तिनेच व्हर्नला इस्पितळाच्या गाडीतून आणलं होतं. रेलीनने सकाळी लवकर येऊन घर गरम ठेवणारी लाकडांची शेगडी पेटवून ठेवली होती, कारण टास्मानियातल्या जुलैत, म्हणजे ऐन हिवाळ्यात, न पेटवलेल्या घरात दात वाजतात.

"रेलीन, तुम्ही त्या खुर्चीत बसा," टेगन म्हणाली, "आणि हात मांडीखाली घ्या. गंमत नाही, खरंच घ्या. मुलींना राहवत नाही. मध्ये उठतात, आणि मग मला कळत नाही की अंडं कुणी केलं."

"हिला तर मुळीच राहवणार नाही," वॉकर ढकलत व्हर्न म्हणाला. "शाळेत होती तेव्हापासून मला शिकवते आहे. एकदा मला ट्रक कसा वळवायचा ते सांगत होती. मला! चाळीस वर्षं ओंडके वाहिले मी."

"आणि त्याच दिवशी फाटक मोडलंस," रेलीन म्हणाली.

"फाटक कुजलेलं होतं."

टेगनने हसून घेतलं आणि पेन उघडलं. व्हर्न कामाला लागला.

आता खरं सांगायचं तर म्हातारा चांगलं करत होता. रेलीनला ते पाहवत नव्हतं, आणि बघितल्याशिवाय राहवतही नव्हतं. वॉकर ओट्याशी नीट टेकवला. फ्रायपॅन उचलायच्या ऐवजी ओट्यावरूनच सरकवत स्टोव्हवर नेला, इस्पितळात शिकवलं होतं तसाच. बटर टाकलं, ते फेसाळेपर्यंत थांबला. अंडं पॅनच्या काठावर फोडलं. टरफलाचा एक कण आत पडला, तो त्याने उरलेल्या टरफलानेच उचलला. बलक शाबूत. टेगन भराभर लिहीत होती. दोन स्लाइस नव्या टोस्टरमध्ये गेल्या. टोस्टर रेलीनने गेल्याच आठवड्यात आणला होता, चकचकीत, आपोआप बंद होणारा.

मग व्हर्नने कपाटातून कप काढले. एक नाही, तीन.

"व्हर्न, तुमच्यापुरताच करा," टेगन म्हणाली. "मला चालत नाही."

"का? चहा पित नाहीस?"

"पिते. पण कामावर असताना पेशंटच्या घरी काही घ्यायचं नाही, असा नियम आहे."

"माझ्या घरात बाई येऊन बसली आहे आणि मी तिच्यासमोर एकटाच ढोसू? पोरी, तुझ्या इस्पितळाला कुणी वळण लावलंय की नाही?" असं म्हणून त्याने तिन्ही कपांत किटलीतला चहा ओतला. टेगनने पाटीवर काहीतरी खोडलं. पण नंतर कप जवळ ओढून घेतला, हे रेलीनने पाहिलं.

अंडं ताटलीत आलं. स्टोव्ह बंद झाला. बटण बंद केल्यावर व्हर्नने ते पुन्हा एकदा चाचपून बघितलं. टेगनचा चेहरा खुलला.

"छान चाललंय. टोस्ट होईस्तोवर मी बाथरूममधल्या धरायच्या दांड्याची उंची मोजून घेते. रेलीन, लक्ष ठेवा. हात लावायचा नाही, पण काही वेडंवाकडं झालं तर मला हाक मारा."

ती आत गेली आणि टोस्टरमधून स्लाइस टणकन वर आल्या.

व्हर्नने एक उचलली. उलटी करून पाहिली. बोटाने दाबली.

"हा टोस्ट?" तो म्हणाला. "हा नुसता ताप आलेला पाव आहे."

"बाबा, खा ना मुकाट्याने. आजच्या दिवस."

"आजच्याच दिवशी? तुझ्या आईने या घरात असला टोस्ट कधी खाल्ला होता का?"

टेकडीवरच्या या म्हाताऱ्यांची ही एक खोड आहे, आणि त्यापुढे डॉक्टर, मुलगी, सरकार कुणाचं काही चालत नाही. टोस्ट हा निखाऱ्यावरच व्हायला हवा. लोखंडी शेगडीचं काचेचं दार उघडायचं, ज्वाळा बसलेल्या हव्यात, आणि लाल निखाऱ्यांसमोर कुंपणाच्या तारेचा काटा धरायचा. तो काटा व्हर्नने स्वतः वळवलेला, शेगडीशेजारी खिळ्याला लटकत होता. पण शेगडी जमिनीलगत. तिच्यासमोर बसायचं तर एकच मार्ग, गुडघ्यांवर.

व्हर्नने पावाच्या दोन कोऱ्या स्लाइस शर्टाच्या खिशात टाकून वॉकर शेगडीकडे वळवला तेव्हाच रेलीनने ओळखलं.

"बाबा, नाही हं. नको. वाकायचं नाहीये तुला."

"गप. हात मांडीखाली."

आणि तो खाली गेला. आधी लाकडांच्या पेटीवर एक हात, मग दुसरा, मग चांगला गुडघा, मग तो दुसरा. जमिनीला टेकताना त्याच्या तोंडून बारीक आवाज निघाला, पण दार उघडून त्याने काट्याला कोरी स्लाइस टोचलीसुद्धा.

रेलीनला फक्त एक हाक मारायची होती. "टेगन!" एवढंच. टेगन चार ढांगांत आली असती, तिने म्हाताऱ्याला शेगडीसमोर गुडघ्यांवर बसलेलं बघितलं असतं आणि सगळा प्रश्नच मिटला असता. समुद्र दिसणारी खोली. गरम जेवण. रात्री फोन वाजला की छातीत धस्स व्हायला नको. गेले दोन महिने ती जे मागत होती ते समोर चालून आलं होतं. आतून मोजपट्टी सुर्रकन मिटल्याचा आवाज आला. रेलीनचं तोंड काही उघडलं नाही.

खोलीभर भाजल्या पावाचा वास सुटला. व्हर्नने दोन्ही स्लाइस दोन्ही बाजूंनी भाजल्या, घाई न करता. त्या पेटीवर ठेवल्या, दार लावलं. मग उठायला गेला, आणि उठेना.

एकदा जोर लावला, परत खाली आला. चेहरा पांढराफटक पडला. त्याने लेकीकडे बघितलं नाही. तिने हात मांडीखाली इतके दाबले होते की बोटं बधिर झाली. मदत केली तर परीक्षा गेली. नाही केली आणि तो कोसळला तर खुबाच गेला. "ऊठ," ती पुटपुटली. "ऊठ ना रे बाबा. ऊठ." व्हर्नने दोन्ही तळवे पेटीवर टेकले, चांगला पाय पुढे घेतला, डोळे मिटले आणि हळूहळू, थरथरत, वर आला.

टेगन आली तेव्हा व्हर्न टेबलाशी बसून टोस्टला बटर लावत होता.

"झालं? काही अडचण?" तिने रेलीनला विचारलं.

"काही नाही," रेलीन म्हणाली. "सगळं व्यवस्थित."

टेगनने कागदावर खूण केली आणि ताटलीत डोकावली. "अरे वा! काय रंग आलाय टोस्टला. टोस्टर छानच निघाला हं हा. मी पण असलाच घेते."

झालं. रेलीनने डोळे वटारले, टेबलाखालून बापाच्या चांगल्या पायाला पाय लावला. व्हर्नने एक घास खाल्ला. चावला. गिळला. चेहरा लाल होत गेला. माणूस अपमान गिळेल, दुखणं गिळेल, पण स्वतःच्या टोस्टचं श्रेय त्या चकचकीत डब्याला?

"टोस्टर!" तो कडाडला. "त्या डबड्याने असला टोस्ट सात जन्मांत होईल का? निखाऱ्यावरचा आहे तो! तिथे गुडघ्यावर बसून भाजलाय मी. आणि माझा मी उठलोय! विचार हिला, हिने बोट नाही लावलं."

रेलीनने कपाळावर हात मारून घेतला.

टेगनने पेन खाली ठेवलं. तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट. "रेलीन, मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तुम्ही म्हणालात काही नाही."

"खोटं बोलले मी." रेलीनने शेगडीकडे बोट दाखवलं. "ते खाली बसले. वेळ लागला उठायला. एकदा परत खाली गेले. दुखत होतं, तोंडावर दिसत होतं. मी घाबरले होते. पण उठले, एकटे उठले. ते खरं आहे."

"आणि उद्या घरी आले तर पुन्हा असं करतील?"

रेलीनने बापाकडे बघितलं. म्हाताऱ्याचा सगळा ताठा उतरला होता; आपण काय करून बसलो ते त्याला आत्ता कुठे उमगत होतं. हातातला टोस्ट तसाच होता.

"करतील," ती म्हणाली. "पहिल्याच सकाळी करतील."

मग टेगन उठली. शेगडीपाशी गेली, खिळ्यावरचा काटा काढून हातात तोलून बघितला, मोजपट्टी काढली. शेगडीच्या दारापासून खुर्चीपर्यंत मोजलं, खुर्चीची उंची मोजली, काट्याची लांबी मोजली.

"शेडमध्ये जुना झाडूबिडू आहे का? दांडा हवाय. लांब."

रेलीन धावतच गेली आणि मोडक्या दाताळ्याचा दांडा घेऊन आली. टेगनने स्वतः तारेने काटा त्याला आवळला. मग उंच खुर्ची शेगडीसमोर लावून व्हर्नला बसवलं, पाठ सरळ, पाय पुढे. दारही तिने त्याला खुर्चीत बसूनच, त्याच दांड्याच्या टोकाने उघडायला लावलं. पहिली स्लाइस निखाऱ्यात पडली आणि जळून खाक झाली. व्हर्नने दिलेली शिवी इथे लिहिण्यासारखी नाही. दुसरी एका बाजूने करपली. तिसरी जमली.

"यापुढे असाच," टेगन म्हणाली. "गुडघ्यावर पुन्हा बसलात असं कळलं, तर मी स्वतः येऊन तुमची शेगडी सील करीन. आणि पहिले काही आठवडे सकाळी कुणीतरी यायला हवं. रोज नाही, पण यायला हवं. रेलीन, या वेळी खरं सांगा."

"रोज नाही जमणार मला," रेलीन म्हणाली. "आठवड्यातून तीनदा येईन. बाकीच्या दिवशी तुमची माणसं पाठवा."

"चालेल." टेगनने कागदाच्या तळाशी सही केली. "गुरुवारी."

ती परतीसाठी गाडी वळवून घ्यायला बाहेर गेली. स्वयंपाकघरात बापलेक दोघंच उरली. व्हर्न अजून शेगडीसमोर बसलेला, दांडा गुडघ्यांवर आडवा.

"माझ्यासाठी खोटं बोललीस तू," तो म्हणाला.

"हो. आणि तू त्याची माती केलीस."

"मला वाटलं होतं तुला मी त्या आश्रमात गेलेलाच हवा आहे."

रेलीनने खिडकीबाहेर बघितलं. खोटं बोलायचं आजच्यापुरतं झालं होतं.

"मलाही तसंच वाटत होतं, बाबा," ती म्हणाली.

व्हर्नने मान हलवली. रागावला नाही. हात लांब करून त्याने काट्यावरची ती तिसरी स्लाइस काढली, ती मांडीवर ठेवून तिला जाड बटर लावलं, आणि तिच्याकडे धरली.

"घे," तो म्हणाला. "सकाळपासून काही खाल्लं नसशील."

तिने खाल्लं नव्हतं. रेलीन तिथेच उभ्याउभ्या टोस्ट खाऊ लागली, आणि रडू आलं ते तिने आवरलं नाही.