बिबट्यासाठी लावलेली गाणी

बिबट्या पिंजऱ्यात सापडला त्या दिवशी अख्खं गाव फोटो काढायला धावलं. मी घरीच बसले. सगळे खुशीत होते, पण आता माझी गाणी बंद होणार होती.

आमची वस्ती संगमनेरच्या खाली, प्रवरेच्या काठाला, चहूकडे ऊस. उसात बिबट्या शिरला तेव्हा वनखात्याचे लोक सांगून गेले, की रानात जाताना मोठ्याने गाणी लावा. पुण्यात शिकणाऱ्या माझ्या लेकीने, सृष्टीने, स्पीकर आणून दिला. त्यात तिने एका जुन्या विलायती बँडचा अल्बम भरला होता, सगळी त्यांची गाजलेली गाणी. सासरे आप्पासाहेब म्हणाले, "भजनं लाव की." मी म्हटलं, "आप्पा, भजनाला बिबट्या टाळ घिऊन बसला म्हंजी?"

सुरुवातीला मलाही तो नुसता कालवा वाटला. मग गुरांसाठी घास कापता कापता कान तयार झाला. शब्द एकही कळत नाही, पण गाणारा कुणाचं ऐकून घेणाऱ्यातला नाही, एवढं कळतं. एका गाण्यात गिटार, ढोल, सगळं मध्येच थांबतं. चिडीचूप. आणि मग सगळे मिळून असे तुटून पडतात, की अंगावर काटा येतो. तेवढ्यासाठी मी विळा थांबवायची. लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण रानात एवढी मजा मला कधी आली नव्हती.

शेजारच्या म्हाताऱ्या कडूबाई बिबट्याच्या भीतीने माझ्याच सोबतीने घासाला यायच्या. त्या काही बोलायच्या नाहीत, खाली मान घालून कापत राहायच्या.

बिबट्या धरला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी स्पीकर खांद्याला अडकवला, तर आप्पासाहेब ओट्यावरून म्हणाले, "आता कशाला? बिबट्या गेला न्हवं. ठिव त्यो घरात. सून रानात विंग्रजी वाजवती म्हून लोक हसत्यात."

आमचे हे गोठ्यापर्यंत माझ्यामागे आले आणि हळूच म्हणाले, "दुसरा दिसलाय म्हन. कोन बघाया जातंय?"

खोटं अगदी ओठांवर आलं होतं. पण मला रागच आला. एक बाई गाणी ऐकणार, तर तिला आधी बिबट्या दाखवावा लागतो, हा कुठला न्याय? मी तशीच मागे फिरले आणि ओट्यासमोर उभी राहिले.

"आप्पा, बिबट्या न्हाई. दुसराबी न्हाई. मला आवडत्यात म्हनून लावती."

त्यांनी विचारलं, "आवडत्यात म्हंजी?"

"म्हंजी आवडत्यात," म्हटलं आणि रानाची वाट धरली.

घरापासून हाकेच्या अंतरावरच्या घासाच्या वाफ्याशी पोहोचले, तर कडूबाई आधीच बांधावर बसलेल्या.

"मावशी, आता भ्या कसलं? एकटीनं कापला असता की."

"कापला असता," त्या म्हणाल्या. "तू लाव. ते समदे थांबत्यात ना, ती जागा यिऊ दे."

मी लावलं. ती जागा आली, तसे दोघींचे विळे थांबले. नेमकी त्याच शांततेत ओट्यावरून आप्पासाहेबांची हाक आली, "आरती, आवाज कमी कर."

कडूबाईंनी स्पीकर आपल्याकडे ओढला.

"वाढवायचं बटन कोंचं गं?"

मी दाखवलं.