सहाव्या मजल्यावरची पुस्तकं

ईस्टरला माझा मुलगा प्लामेन स्टुटगार्टहून आला आणि माझी सगळी पुस्तकं खोक्यांत भरून गावच्या वाचनालयाला देऊन टाकली. बारीक अक्षर आता डोळ्यांना सोसत नाही, हे मीच फोनवर बोलून बसले होते, मग दोष कुणाला देणार? पुस्तकांच्या बदल्यात त्याने माझ्या हातात एक चपटा ई-रीडर ठेवला. यात शेकडो पुस्तकं आहेत, अक्षर हवं तेवढं मोठं कर, धूळ नाही, ओझं नाही, असं त्याचं आपलं चाललं होतं. अक्षर खरंच मोठं होतं, खोटं कशाला बोलू. दोन कादंबऱ्या मी बसल्या बैठकीला फस्त केल्या आणि त्याला शाबासकीही दिली.

मग शनिवार आला आणि ल्युबेन आला नाही.

ल्युबेन समोरच्या इमारतीत राहतो. जन्मभर डॅन्यूबवरच्या बोटींची इंजिनं सांभाळली, आता एकटाच आहे. मीही एकटीच. इथल्याच, रूसे शहरातल्या शाळेत मी इतिहास शिकवायचे, म्हणून तो मला अजून ‘बाई’ म्हणतो. नवरा गेल्यापासून दर शनिवारी तो माझं एक पुस्तक परत आणायचा आणि दुसरं न्यायचा. आमच्याकडे शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत. त्याने तोच नियम पुस्तकांना लावला होता, त्यामुळे पुस्तकासोबत कधी अक्रोड यायचे, कधी द्राक्षं. मी कॉफी करायची आणि पुस्तकावर बोलत सुटायची. माझ्या आठवड्यात माणसाशी बोलणं म्हणावं असं तेवढंच होतं.

कारण सहाव्या मजल्यावरून मी खाली उतरत नाही. गुडघा गेलाय आणि लिफ्टही गेलीय. पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरच्यांना लिफ्ट लागत नाही, म्हणून ते दुरुस्तीची वर्गणी देत नाहीत, आणि ते देत नाहीत म्हणून बाकीचेही देत नाहीत. मेले सगळे एका माळेचे मणी. तळमजल्यावरची स्तांका दूध-भाजी आणून देते आणि गल्लीभरच्या भानगडी सांगते. दाराबाहेरच्या बाकावर तिचीच सत्ता. दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलत बसायचं आणि कोण कुणाकडे चढलं ते बघायचं. विधुर माणूस विधवेकडे रिकाम्या हाताने चढला, तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. पण काखेत पुस्तक असलं की तो वाचक. स्तांका कव्हर बघायची, मान डोलवायची आणि वाट सोडायची.

आता पुस्तकच नाही तर तो येणार कुठल्या तोंडाने? शनिवारमागून शनिवार गेले. रिकाम्या फळ्यांमागे भिंतीचा जुना रंग तेवढा दिसायचा. रीडरमध्ये शेकडो पुस्तकं होती, पण त्यातलं एकही काढून कुणाला देता येईना. घर तर आधीच तुरुंग झालं होतं, पोराने भेटीची वेळही बंद करून ठेवली. असा संताप व्हायचा की यंत्र खिडकीतून भिरकावून द्यावं.

शेवटी मी ल्युबेनला फोन केला. नदीवर एक भारी कादंबरी आहे, म्हटलं, घेऊन जा. तो आला, आणि मी अख्खा रीडरच त्याच्या हातात ठेवला. गरम तवा धरावा तसा त्याने तो दोन्ही हातांनी धरला. बाई, मग तुम्ही काय वाचणार, असं तो विचारत होता. मी म्हटलं, माझं वाचून झालंय. धडधडीत खोटं बोलले. खाली स्तांकाने त्याला अडवलंच, पण त्याने रीडरचा पडदा उजळून पुस्तकाचं नाव दाखवलं आणि सुटला.

उन्हाळाभर हेच चाललं. शनिवारी तो रीडर परत आणायचा, सोबत टोमॅटो नाहीतर पीच. मी त्यात नवं पुस्तक काढून द्यायची आणि तो पुन्हा घेऊन जायचा. आठवडाभर मी भिंतीकडे बघत बसायची. चालेल, म्हटलं. शनिवार तर परत मिळाला.

आणि मग प्लामेनचा फोन आला. माझा रीडर त्याच्या खात्याला जोडलेला, आई कुठल्या पानावर आहे ते त्याला तिकडे बसून दिसतं. मला याची गंधवार्ता नव्हती. त्याचा आवाज फार हळू झाला होता.

"आई, उन्हाळा लागल्यापासून तू एकही पुस्तक वाचलेलं नाहीस. तेव्हापासून उघडलेलं प्रत्येक पुस्तक पहिल्याच पानावर आहे. तुला काही आठवेनासं झालंय का? मी येऊन तुला इकडे घेऊन जातो."

डोळे दुखतात, हळूहळू वाचते, असं काहीतरी सांगून मी त्याला तेवढ्यापुरतं थोपवलं आणि फोन ठेवला. दोन गोष्टी डोक्यातून जाईनात. एक म्हणजे स्टुटगार्ट. तिथे तर बाकावरची स्तांकासुद्धा नाही. आणि दुसरं म्हणजे ते पहिलं पान.

शनिवारी ल्युबेनला कॉफी दिली आणि विचारलं, नदीच्या कादंबरीचा शेवट कसा वाटला? छान होता, म्हणाला. शेवट तर फारच छान.

"तुम्ही पहिलं पानसुद्धा उलटलेलं नाही," मी म्हटलं. "इतकी वर्षं मी बडबडत होते, ते सगळं पालथ्या घड्यावर पाणी?"

त्याने कप खाली ठेवला. कान लाल झाले होते. रीडर टेबलावर ठेवून तो निघून गेला, आणि पुढच्या शनिवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. फोन उचलेना. मी रीडर उघडायची आणि एक ओळ वाचून मिटायची. राग हळूहळू उतरला आणि मग भलतंच सुचायला लागलं. ज्या माणसाला वाचायचंच नव्हतं, तो जाडजूड पुस्तकं घेऊन सहा मजले वर-खाली कशासाठी करत होता? मीपण काय बाई, इतिहास शिकवला आणि समोरचा माणूस कळला नाही.

सप्टेंबरातल्या एका सकाळी मी जिना उतरायला लागले. कठडा धरून, एकेका पायरीवर बसत, गुडघ्याला शिव्या घालत. खाली पोचले तेव्हा घामाने चिंब झाले होते. ल्युबेन त्याच्या गॅरेजसमोर मिरच्या भाजत होता. स्तांकाच्या हातातली बी तशीच राहिली.

"ल्युबेन," मी बाकावरून हाक मारली, "शनिवारी येत जा. काही न घेता या."

तो चिमटा हातात घेऊनच आला. "बाई, लोक काय म्हणतील?"

"लोक इथेच बसलेत. विचारा."

स्तांका गुडघ्यावरची टरफलं झटकायला लागली.

वर जाताना त्याने मला दंडाला धरलं होतं. तिसऱ्या मजल्यावर दम संपला आणि आम्ही दोघं पायरीवरच टेकलो. बराच वेळ तो हाताला लागलेली काजळी पुसत राहिला.

"पहिलं पान रोज वाचायचो," तो म्हणाला. "पुढचं तुम्ही सांगाल म्हणून ठेवायचो. मला वाचायचं नव्हतं बाई, तुमच्या तोंडून ऐकायचं होतं."

मी त्याला माझा रुमाल दिला. मग तो म्हणाला, वर तर नेतो मी, पण पुन्हा खाली कशा याल?

"तुम्ही वर येणार असाल तर खाली कुणाला यायचंय?" मी म्हटलं, आणि उठायला त्याच्याकडे हात पुढे केला.