गुळगुळीत घर

शिंप्याची दृष्टी एका दिवसात गेली नाही. आधी सुईचं नेढं गेलं, मग टीप गेली, मग गिऱ्हाइकांची तोंडं गेली. शेवटी खिडकीएवढा उजेड राहिला, तोही धुरकट. बायको त्याच्याही आधी गेली होती. तरी म्हातारा आपल्या दोन खोल्यांत एकटा राहायचा, हातानं चहा करायचा, आणि कुणी कीव केली की म्हणायचा, "अहो, डोळे गेलेत, मी कुठं गेलोय?"

थोरल्या मुलाला हे मुळीच पटत नव्हतं. तो दुसऱ्या गावाहून धाकट्या बहिणीला फोन करून एकच पालुपद लावायचा. "घर आहे की अडगळ? एक दिवस पडतील नि कुणाला कळणारही नाही. आमच्याकडे एक चांगला वृद्धाश्रम आहे, नाव घालून टाकतो."

धाकटीला बापानं चिंध्यांच्या बाहुलीवरून ठकी म्हटलं होतं, ते चाळिशीतही सुटलं नव्हतं. ठकी म्हणाली, "थांब दादा. मी घर असं करते, की अडखळायला काही उरणारच नाही. मग ये आणि तूच बघ."

घरं सजवणं हाच तिचा धंदा. ऑफिसात ती गिऱ्हाइकांपुढे दोन अल्बम ठेवायची. एकात मिनिमलिझम, म्हणजे पांढऱ्या भिंती, मोकळी जमीन, मोजकं सामान. दुसऱ्यात वाबी-साबी, म्हणजे तडा गेलेले वाडगे, टवके उडालेली बाकं, हातांनी झिजलेलं लाकूड. ती समजावायची, "पहिल्यात नको ते काढून टाकायचं. दुसऱ्यात आहे त्याचं वय सोसायचं. जपानी माणूस तड्यावरसुद्धा माया करतो." गिऱ्हाइकं मान डोलवायची आणि विचारायची, "दोन्ही मिळून नाही का होणार?" मग कारखान्यातून नवीकोरी, मुद्दाम ओरखडलेली टेबलं यायची. ठकी तोंड फिरवून हसायची.

बापाच्या घरासाठी मात्र दुसरा अल्बम तिच्या मनातही आला नाही. आंधळ्या माणसाला मोकळी जागा हवी, यात विचार तो काय करायचा?

बापाला तिनं आपल्याकडे नेलं आणि मागे काम काढलं. कात्रीच्या खाचांनी कड कुरतडलेलं कटिंगचं टेबल लाकडाच्या वखारीत गेलं. पाय पडताच टक् करणारी फरशी गेली. सैल मुठींची कपाटं गेली, त्यांच्या जागी बिनमुठीची पांढरी आली, दाबलं की उघडणारी. दाराची चौकट खांद्याच्या उंचीवर झिजून तेलकट झाली होती. तिच्यावर रंधा फिरला, रंग चढला. न्हाऊन-माखून घर उभं राहिलं, आणि ठकीचा ऊर भरून आला.

बाप आत आला. दोन पावलं चालला, थांबला.

"ठके, कुणाकडे आणलंस मला?"

"तुमच्याच घरी, बाबा."

"असं होय," तो म्हणाला.

दोन दिवसांनी ती सकाळी आली, तर बाप स्वयंपाकघरात उभा. पांढऱ्या दारांवरून तळवा फिरवत होता, तापलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"चहा झाला का बाबा?"

"चहाला भांडं लागतं ना गं."

"कपाट दाबायचं, आपोआप उघडतं."

"कुठं दाबू?"

मग त्यानं सांगितलं, न रागावता. तेच तिला जास्त लागलं. "टेबलाला कंबर घासत जायचो. दोन खोल खाचा लागल्या की उजवीकडे दार. चौकटीला खांदा टेकला की समोर पलंग. फरशी टक् म्हणाली की आलं न्हाणीघर. तू चांगल्यासाठीच केलंस. पण पुसलंस गं सगळं."

ती धावत वखारीत गेली. टेबल चिरून झालं होतं. मग ऑफिसातलं एक ओरखडलेलं टेबल तिनं उचलून आणलं. बापानं कडेवरून बोटं फिरवली आणि हसला. "यानं कापड बघितलेलं नाही. उगाच मार खाल्लाय बिचाऱ्यानं."

रविवारी थोरला आला. दारातच खूश झाला. "वा! आता कसं घर दिसतंय!" पाणी प्यायला म्हणून तो आत वळला, तर बाप हट्टानं उठला. "बस तू. मी आणतो."

खोलीच्या मध्यावर जाऊन तो थांबला. हात पुढे केले. हाताला काही लागेना. डावीकडे वळला, परत फिरला. आपल्याच घरात म्हातारा जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा उभा होता.

थोरला हलकेच म्हणाला, "बघितलंस? रिकाम्या खोलीत हरवले. आता डोकंही जायला लागलंय त्यांचं."

"डोकं ठणठणीत आहे. खोली रिकामी आहे म्हणूनच हरवले."

"हे काय बोलणं झालं, ठके?"

गिऱ्हाइकांपुढे तिची जीभ कात्रीसारखी चालायची. "मी त्यांची वाट मोडली, दादा," एवढंच ती म्हणाली.

"बरं, मोडलीस. मग आता?"

"भांडू नका," बाप मधूनच म्हणाला. "जातो मी त्या आश्रमात. परकी जागा परकी वाटली तर त्यात दुःख नाही. आपली परकी झाली की जीव घाबरा होतो."

"मी येते इथं राहायला," ठकी म्हणाली. म्हणून गेली, आणि मग तिला आपलंच बोलणं ऐकू आलं.

"किती दिवस?" थोरल्यानं विचारलं.

"घर पुन्हा झिजेपर्यंत."

बाप हसला. "तोवर मीच झिजून जाईन गं, वेडे."

तिनं त्याचा हात धरून भिंतीपाशी नेला आणि तळवा टेकवला. भिंत गार होती, गुळगुळीत होती, काही म्हणजे काही सांगत नव्हती. "चला बाबा. इथून."

म्हाताऱ्यानं एक पाऊल टाकलं. गाडीची किल्ली मुठीत धरून थोरला दारात उभाच होता. बसतही नव्हता, जातही नव्हता.