ब्रेव्हा सुटल्यावर

गाउदेन्झियो वानोत्तीचं खांद्याचं हाड बेल्जियममधल्या शर्यतीत मोडलं, तेव्हा मोटरबोटींच्या त्या पहिल्यावहिल्या आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाची एकच शर्यत उरली होती. तीही नेमकी घरच्या कोमो तलावावर, लेत्सेनो गावासमोर. गुणांत वानोत्तींची बोट आणि क्लाइव्ह रॅडली नावाचा इंग्रज बरोबरीत होते. दोघांत जो पुढे राहील, अजिंक्यपद त्याचं.

"संपलं सगळं," घरच्या बोटींच्या कारखान्याच्या दारात उभा राहून गाउदेन्झियो म्हणाला. "बोट झाकून ठेव."

त्याची थोरली बहीण ओर्नेल्ला बोटीच्या तळाला सँडपेपर घासत होती. तिने मानही वर केली नाही. "झाकायची कशाला? मी चालवते."

"तू?"

"नाहीतर काय, पाद्रीबाबांना बसवू?"

गाउदेन्झियो हसायला गेला आणि खांदा धरून कळवळला. बहिणीची थट्टा नव्हती. ती एक्केचाळीस वर्षांची होती, आणि वानोत्तींच्या कारखान्यातून गेल्या वीस वर्षांत बाहेर पडलेली एकेक बोट पाण्यावर पहिल्यांदा तिनेच पळवली होती. विशीत चार वर्षं ती शर्यतींतही उतरली होती. मग वडील गेले, कारखाना कुणीतरी सांभाळायला हवा होता, आणि शर्यती धाकट्याच्या वाट्याला आल्या. परवाना मात्र ती दर वर्षी नवा करून घ्यायची. कशासाठी, ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

स्पर्धेच्या समितीचे अध्यक्ष एक फ्रेंच गृहस्थ होते, दलोर्म. त्यांनी हात वर केले. "बाई, गुण चालकाचे असतात. तुम्ही खुशाल उतरा, पण शून्यापासून."

ओर्नेल्लाने नियमांचं पुस्तक टेबलावर ठेवलं. पहिलंच वर्ष, तीन भाषांतलं पुस्तक घाईघाईने छापलेलं. "हे इटालियन पान वाचा. गुण बोटीचे."

"आमच्या फ्रेंचमध्ये चालकाचे लिहिलंय."

"मग तुमच्या फ्रेंचचं तुम्ही बघा. शर्यत इटलीत आहे."

दोन तास घोळ चालला. शेवटी रॅडलीला विचारलं. त्याने दुभाष्याचं ऐकून घेतलं, ओर्नेल्लाच्या रंगाने माखलेल्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाला, "येऊ द्या त्यांना, गुणांसकट. प्लास्टर घातलेल्या माणसाला हरवलं म्हणून मला घरी तोंड दाखवायचं नाही."

शर्यत सकाळी अकराची होती. त्या वेळी तलाव तव्यासारखा सपाट असतो. पण सुरुवातीचे दिवेच लागेनात. वायरी तपासल्या, दिव्यांचा दुसरा डबा आणला, तोवर दीड वाजला, आणि दक्षिणेकडून ब्रेव्हा सुटला. उन्हाच्या दिवशी दुपारी सुटणारा हा वारा किनाऱ्यावरच्या प्रत्येकाच्या ओळखीचा. पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले. या बोटी दोन तळांच्या, हलक्या, मधून वारा खेळणाऱ्या. समोरून झोत आला की नाक उचलतात, आणि जास्त उचललं की सरळ पाठीवर उलटतात.

"जपून चालव गं," गाउदेन्झियो धक्क्यावरून म्हणाला. "दुसरी आलीस तरी चालेल."

"मला नाही चालणार," ती म्हणाली आणि हेल्मेटचा पट्टा ओढला.

दिवे हिरवे झाले. अकरा इंजिनं एकदम डरकाळली. ओर्नेल्ला सहाव्या जागेवर पडली. पाणी तोंडावर सपासप बसत होतं, आणि दक्षिणेकडे जाताना बोटीचं नाक दर लाटेला हवेत जात होतं. तिसऱ्या फेरीत तिच्यापुढची स्वीडनची बोट उभी राहिली, पालथी झाली. चालक पाण्यावर येऊन हात हलवताना दिसला, तेव्हा कुठे तिने नजर पुढे वळवली.

तरंगत्या खुणांना वळसा घालायचा, एवढाच नियम होता; मधली वाट ज्याची त्याची. सगळे एका खुणेकडून दुसरीकडे सरळ रेषेत पळत होते आणि वाऱ्याला तोंड द्यायला वेग कमी करत होते. चौथ्या फेरीला ओर्नेल्लाने चाक डावीकडे वळवलं आणि बोट थेट किनाऱ्याकडे घातली.

"अगं, कुठे चाललीस!" गाउदेन्झियो ओरडला. चांगल्या हाताने त्याने चालकाला खुणावायची पाटी नाचवली: सरळ वाटेवर ये, सरळ वाटेवर ये. शेजारचे मेकॅनिक कपाळाला हात लावून बसले.

ओर्नेल्लाने पाटी पाहिली आणि सोडून दिली. पुढे खडकाचं टोक तलावात घुसलं होतं, आणि त्याच्या आडोशाला ब्रेव्हा पोचत नसे. नव्या बोटींची चाचणी ती दुपारी तिथेच घ्यायची. वाट शंभर मीटर लांबची, पण पाणी शांत. तिने पाय दाबला तो टोकाच्या खुणेपर्यंत उचलला नाही. खडक डाव्या हाताला इतका जवळून गेला की त्यावर बसलेल्या बायकांचे चेहरे ओळखू आले.

फेरीमागे दोन सेकंद हाती लागत होते. दहाव्या फेरीला ती चौथी, सोळाव्याला दुसरी; पुढे फक्त रॅडली. गाउदेन्झियोने पाटी कधीच खाली ठेवली होती. आता तो नुसता ओरडत होता.

रॅडलीला तिची चाल कळली, पण शेवटून दुसऱ्या फेरीत. तोही आडोशाला शिरला. खडक किती जवळ घ्यायचा याचा अंदाज मात्र त्याला नव्हता, म्हणून तो दबकून लांबच राहिला. त्याच्या आणि खडकाच्या मधून ओर्नेल्ला निघाली. खुणेला वळण घेतलं, वारा पाठीला आला, आणि मग शेवटपर्यंत तिच्यापुढे नुसतं पाणी होतं.

रेषा ओलांडली तेव्हा तलावभर होड्यांचे भोंगे वाजत होते. धक्क्याला लागल्यावर तिची बोटं चाकावरून सुटेनात. गाउदेन्झियोने एकेक करून सोडवली. "माझं ऐकलं असतंस तर हरली असतीस," तो म्हणाला आणि तिच्या ओल्या हेल्मेटवर कपाळ टेकून रडला.

बक्षिसाच्या वेळी निवेदकाने छापील यादी पाहून पुकारलं, "पहिले आंतरराष्ट्रीय अजिंक्यवीर, गाउदेन्झियो वानोत्ती!"

गाउदेन्झियो जागचा हलला नाही. खडकावरच्या बायकांनी आधी सुरुवात केली, मग अख्खा किनारा ओरडू लागला: "ओर्नेल्ला! ओर्नेल्ला!" दलोर्मसाहेबांनी निवेदकाच्या हातून कागद घेतला, स्वतःच्या पेनाने नाव खोडून नवं लिहिलं आणि मोठ्याने वाचलं. रॅडलीने तिला उचलून वरच्या पायरीवर उभं केलं आणि इंग्रजीत काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय?" तिने दुभाष्याला विचारलं.

"पुढच्या वर्षी पुन्हा येणार का, विचारतोय."

"सांग त्याला, येणार. आणि प्रत्येक शर्यतीला येणार."

मग तिने चषक भावाच्या धड हातात दिला, कारण तिला फार भूक लागली होती, आणि बंदरावरच्या खानावळीत जाऊन, ओल्या कपड्यांनिशी, माशाच्या भाताची दोन ताटं खाल्ली.