ताईचं शिबिर

आमच्या ताईने आयुष्यात एकही उन्हाळी शिबिर पाहिलेलं नाही. हे मी आधीच सांगून टाकते, कारण तिच्या तोंडून ऐकलंत तर तुमचा वेगळाच समज होईल.

वडील काचेच्या कारखान्यात होते. कारखान्याचं तळ्याकाठी शिबिर असायचं, पण घरटी एकाच मुलाला जागा. त्या वर्षी ताईचं नाव लागलं आणि आनंदाने उड्या मारताना ती पायरीवरून पडली. पाय प्लास्टरमध्ये. मिळालेली जागा फुकट कशाला घालवायची, म्हणून आईने ताईचा फ्रॉक माझ्या अंगात चढवला आणि बजावलं, "ताईच्या नावाने हाक मारली की ओ द्यायची. शहाणपणा करायचा नाही."

तेच नडलं. तिथे मी जे जे केलं ते ताईच्या नावावर जमा झालं.

तळ्यात एक बेट होतं. तिथून जेवून परतताना आमच्या नावेचं वल्हं निसटून वाहून गेलं. बाई दुसऱ्या नावेतून पुढे गेलेल्या, आमच्या नावेत नुसती पोरं, सगळी भोकाड पसरून बसलेली. मी पातेल्याचं मोठं झाकण उचललं आणि वल्हवत नाव काठाला आणली. काठावर सगळे ताईचा जयजयकार करत होते. बक्षिसाच्या बिल्ल्यावरही नाव तिचंच.

घरी आले तर ताई भिंतीकडे तोंड करून पडलेली. तिची समजूत काढायला मी सगळी हकीकत सांगितली. मग ती रोज मागायची, मी रोज सांगायचे. प्लास्टर निघेपर्यंत तिला ती तोंडपाठ झाली आणि पुढे तिचीच झाली. तिच्या लग्नात सासरच्यांना तिने ती सांगितली, तेव्हा मी सरबताचा ट्रे घेऊन शेजारी उभी होते. माझ्याकडे बघून म्हणते कशी, "हिला विचारा हवं तर!"

परवा तिची नात शिबिराला निघायची होती. पोरीला पाण्याची धास्ती. भरलेली पिशवी पुन्हापुन्हा रिकामी करत होती. ताईने तिला मांडीशी ओढलं आणि सुरू झाली. या खेपेला तळ्यावर वादळही आलं होतं.

"ताई, वादळ कुठून आणलंस?" मी म्हटलं.

"तू गप गं. तू कुठे होतीस तिथे?"

"मी कुठे होते? तुझा पाय मोडला होता, बये! थंडीत आजही कण्हतेस की!"

"तो नंतर मोडला."

कपाळ बडवायचं तेवढं राहिलं होतं. माझ्या गाठीला अशी एकच गोष्ट, तीही हिने घशात घातलेली. आज काय ते बोलायचंच, असं मी ठरवलं.

तेवढ्यात नात म्हणाली, "आजी, तुला भीती नाही वाटली?"

"भीती? मला? छे!" ताई हसली.

पोरीचा चेहरा पडला. तिने हळूच पिशवीतून टॉवेल बाहेर काढला.

मग मला राहवेना. "खोटं आहे ते," मी म्हटलं. "इतकी भीती वाटली होती की नावेतच फ्रॉक ओला झाला. तळ्याचं पाणी अंगावर उडत होतं, म्हणून कोणाला कळलं नाही. हात थांबले तर मी रडेन, म्हणून वल्हवत राहिले."

पोरगी आधी बघत राहिली, मग खो खो हसायला लागली. "मावशीआजी, नावेत?"

"नावेत."

ताई मात्र हसली नाही. तिचं तोंड एवढंसं झालं. "हे तू मला कधीच सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली.

आपण काय बोलून बसलो ते ताईच्या ध्यानात आलं असावं. ती उठली आणि चहा ठेवते म्हणत आत गेली. पोरीने टॉवेल घडी करून पुन्हा पिशवीत घातला. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसपाशी एक पोर रडत होतं. मी नातीची पिशवी घेऊन पोचेपर्यंत ताई त्याच्यापुढे वाकलेली.

"अरे, घाबरतोस काय? मी तर नावेत फ्रॉक ओला केला होता!"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नातीने माझ्या हातातून पिशवी घेतली, मला चिमटा काढला आणि बसमध्ये चढली. ताईचं अजून चालूच होतं. वादळ नुकतंच सुरू झालं होतं.