एक्केचाळीसचा आवाज

तोफेने हरकतीच्या अर्जाची प्रत मामाच्या टेबलावर अशी आपटली की पेनांचा डबा आडवा झाला आणि पेनं घरंगळत थेट कपाटाखाली गेली. मामाने वाकून ती एकेक करून काढली, पुसली, डब्यात ठेवली आणि मगच चष्मा चढवला. जन्मभर भावाभावांच्या जमिनीचे दावे लढवलेला वकील तो. भाचीच्या आदळआपटीने बधणार थोडाच!

"मंगळवार आणि गुरुवार," तोफ म्हणाली. "पहिला तास, अर्थशास्त्र. नेमके तेच वार त्या इस्त्रीला कसे कळले, सांग ना मामा! त्याला स्वप्न पडलं?"

इस्त्री म्हणजे कॉलेजच्या विद्यार्थी अध्यक्षपदासाठी तिच्याविरुद्ध उभा असलेला मुलगा. परीक्षेच्या दिवशीसुद्धा त्याच्या शर्टाची घडी मोडत नसे, म्हणून ते नाव. आणि ही तोफ, कारण फाटकावर बोलायला उभी राहिली की हिला माईक लागत नसे. इस्त्रीने हरकत घेतली होती की हिची हजेरी नियमाइतकी भरत नाही, हजेरीपटावर आहे ती खोटी आहे, सबब ही उमेदवार अपात्र. दुपारी कॉलेजच्या निवडणूक समितीपुढे सुनावणी होती. समितीवर एक निवृत्त न्यायाधीश नेमलेले होते, त्यामुळे दोन्ही बाजूंना वकील आणायची मुभा होती. मामा फुकटात मिळाला होता.

"खोटं लिहिलंय का त्याने?" मामाने विचारलं.

"तू माझा वकील आहेस ना?"

"म्हणूनच विचारतोय."

तोफ खुर्चीत बसली. मग सांगितलंच तिने. वसतिगृहाच्या नळांना पाणी येत नव्हतं, आणि पाणीखात्याचे साहेब भेटायचे ते फक्त मंगळवारी न् गुरुवारी सकाळी. सबंध सत्रभर ती त्यांच्या दारात ठाण मांडून बसली होती. नळांना पाणी आलं. अर्थशास्त्राचं तोंडही तिने पाहिलं नाही. तिचा नंबर एक्केचाळीस, आणि तिची हजेरी द्यायची तिची मैत्रीण गोगी. गोगलगायीची गोगी; चार शब्द बोलायचे तर दोन गिळणारी.

"तुझ्यासाठी वेगळा आवाज काढते मी," एवढंच गोगीने एकदा हसत सांगितलं होतं.

मामाने चष्मा काढला. "खोट्या हजेरीचा नियम वाचलायस? सिद्ध झालं तर तू निवडणुकीतून जाशील. ती मुलगी परीक्षेतून जाईल. सबंध वर्ष."

"फीमाफीसुद्धा जाईल तिची," तोफ हळू म्हणाली.

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"पहिल्या तासाला अर्धा वर्ग झोपलेला असतो, मामा, आणि उरलेला कुणाची ना कुणाची हजेरी देत असतो. कोण कुणाकडे बघतंय? माहीत होतं ते मला आणि तिला."

"मग झालं तर," मामा म्हणाला आणि फाईल बांधू लागला.

माहीत होतं ते दोघींनाच, आणि तोफेने तर कुणाला सांगितलं नव्हतं. ते 'मग झालं तर' तोफेच्या डोक्यात जे शिरलं ते कॉलेजच्या पायऱ्या चढेपर्यंत निघेना. परवा गोगी कॅन्टीनमध्ये इस्त्रीच्या टेबलाशी बसली होती. तोफेला बघून उठलीसुद्धा होती, जरा घाईनेच. तेव्हा काही वाटलं नव्हतं. आता त्या घाईला शिंगं फुटली.

सभागृहाबाहेरच्या बाकावर गोगी आधीच येऊन बसली होती. तोफेच्या उमेदवारी अर्जावर सूचक म्हणून तिचीच सही होती, म्हणून तिलाही बोलावलं होतं. तोफ दिसताच तिने पिशवीतून दोन केळी काढली.

"खाल्लं नसशील ना काही? घे."

"परवा इस्त्रीशी काय बोलत होतीस?"

गोगीचा हात तसाच राहिला. "नोट्स मागत होता."

"त्याला कधीपासून नोट्स लागायला लागल्या?"

"मला काय माहीत! मागितल्या, मी नाही म्हटलं. तो विषयच संपला."

"मग मला बघून उठलीस का?"

"कारण तुला असंच काहीतरी वाटेल म्हणून," गोगी म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं असावं. "अगं, तू काय बोलतेयस? हे बाहेर आलं तर तुझ्याआधी माझा निकाल लागेल. मी कशाला सांगेन?"

"आधी जाऊन सांगितलं की माफीचा साक्षीदार होता येतं."

बोलून गेली आणि तोफेला स्वतःलाच ते वाक्य जड वाटलं; पण तोफगोळा सुटला तो सुटला. गोगीने हात मागे घेतला. केळी पिशवीत ठेवली, चेन लावली, चेन नीट लागलीय का ते दोनदा पाहिलं. तेवढ्यात शिपायाने आत बोलावलं.

सभागृहात लांब टेबलाच्या मधोमध न्यायाधीश बसले होते. सर्दीने बेजार, हातात रुमाल. एका कडेला अर्थशास्त्राचे सर, मांडीवर हजेरीपट घेऊन. तोफ मामाशेजारी बसली. गोगी तिच्या मागच्या खुर्चीवर. मागे कोण बसलंय हे तोफेला पाठीवर जाणवत होतं, आणि ते तिला आवडत नव्हतं. आत्ता इस्त्रीचा वकील उठेल, गोगीला बोलवा म्हणेल, आणि ती मान खाली घालून सगळं ओकेल. तोफेने मनाची तयारी केली होती.

इस्त्रीची वकील एक तरुण बाई निघाली, आवाजाने अगदी मऊ. "आम्हाला कुणीही काही सांगितलेलं नाही," ती म्हणाली. "उमेदवारांनी स्वतःच सांगितलंय, सबंध कॉलेजला." तिने मोबाईल टेबलावर उभा केला.

पडद्यावर कॉलेजचं फाटक. कठड्यावर चढलेली तोफ, आणि शेजारी तिची बॅग सांभाळत उभी असलेली गोगी. मोबाईलचा छोटासा कर्णा चिरकत होता, पण शब्द स्वच्छ होते. "ज्या मंगळवारी, ज्या गुरुवारी तुम्ही सकाळी अर्थशास्त्राच्या तासाला पंख्याखाली बसला होतात, त्या प्रत्येक सकाळी मी पाणीखात्याच्या दारात उभी होते! एकही सकाळ चुकवली नाही!" टाळ्या, शिट्ट्या. सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवण्यासाठी गोगीने बॅग खाली ठेवलेली दिसत होती.

तोफेचे कान तापले. स्वतःच्या तोंडाने, कठड्यावर चढून! त्या दिवशी हे वाक्य तिला किती आवडलं होतं. मागे वळून बघायचा तिला धीर झाला नाही.

मामा मात्र मुरलेला गडी. उठला आणि म्हणाला, "साहेब, प्रचारात माणूस चार शब्द वाढवूनच बोलतो. भाषण म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा म्हणजे हजेरीपट, आणि तो लिहिणारे सर इथे बसलेत."

"एक्केचाळीस ना?" सर खुशीत म्हणाले. "फार नियमित मुलगी. एकही तास चुकवलेला नाही."

"ती हीच का?" न्यायाधीशांनी तोफेकडे बोट केलं.

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. "चेहरा नाही सांगता येणार. हजेरी घेताना मी वर बघत नाही. वर बघितलं की रिकामे बाक दिसतात आणि शिकवायची हौस जाते. पण आवाजावरून सगळे ओळखतो मी. त्यात चूक व्हायची नाही."

वकीलबाई हसल्या. "मग सरांनी हजेरीच घ्यावी."

मामा सावकाश खाली बसला. तोफेच्या कानाशी पुटपुटला, "हजर म्हण. काय व्हायचं ते होईल."

सरांनी पट उघडला, सवयीप्रमाणे मान खाली घातली.

"एक्केचाळीस."

तोफेने तोंड उघडलं आणि मिटलं. आपल्या आवाजात उत्तर दिलं तर सर म्हणणार, ही नव्हे. आणि मग ते तो दुसरा आवाज शोधायला निघणार. तो तर हातभर अंतरावर बसलाय. बरं, त्या आवाजाची नक्कल करावी, तर गोगी आपल्यासाठी कसला आवाज काढायची ते तिने कधी ऐकलंच नव्हतं. ऐकायला ती कधी तिथे नव्हतीच. मागे कुणीतरी खोल श्वास घेतला.

"एक्केचाळीस," सर पुन्हा म्हणाले.

तोफ घाईघाईने उभी राहिली. "गैरहजर, सर."

सरांचं पेन थांबलं. न्यायाधीशांनी रुमाल खाली घेतला. "म्हणजे काय?"

"त्यातल्या एकाही दिवशी मी वर्गात नव्हते. भाषणात बोलले ते खरं आहे."

"मग तुमची हजेरी कोण देत होतं?"

"ते बघायला मी वर्गात नव्हते, साहेब."

न्यायाधीशांना हसू आलं, ते त्यांनी शिंकेत लपवलं. इस्त्रीला एवढंच हवं होतं. पुढे काही नको, असं त्याच्या वकीलबाईंनीही सांगितलं. उमेदवारी रद्द झाली. हजेरी कुणी दिली हा प्रश्न समितीपुढे नव्हता. सर मात्र पट मिटून बराच वेळ त्याच्या पुठ्ठ्याकडे बघत बसले. "हातातली केस घालवलीस," मामा म्हणाला, पण तिच्या डोक्यावर टपली मारून गेला.

बाहेर पायऱ्यांवर गोगी थांबली होती. तोफेला वाटलं, आता ती गळ्यात पडेल. पद गेलं त्याचं दुःख होतं, पण त्याहून मोठं काहीतरी राखल्याची एक ऊबही होती.

"मघाशी बोलले ते मागे घेते," तोफ म्हणाली. "मूर्ख आहे मी."

"राहू दे."

"तू आत श्वास घेतलास. मी ऐकला. उत्तर देणार होतीस?"

"हो. अगदी ओठांपर्यंत आलं होतं."

"वेडी आहेस का! मला वाचवायला?"

"मी बोलले असते तर तू वाचली असतीस?"

तोफेने विचार केला. "नाही. दोघीही बुडालो असतो."

"तेच," गोगी म्हणाली.

तोफ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. ते रोजचंच, गरीब तोंड होतं. "मग का देणार होतीस? सवयीने? की मुद्दाम?"

गोगीने पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"काल विचारलं असतंस तर सांगता आलं असतं," ती म्हणाली, आणि तासाला उशीर होत होता म्हणून निघाली.